भाजीगाडीचा ब्रेक

एकोणीसशे एकसष्ट साली पातूरच्या शालिकराम माळ्यानं लिलावात एक जुनी प्रवासी बस घेतली. पुढचे दोन बाक ठेवून बाकीचे उपटून फेकले आणि मागं वांगी, मेथी, कोहळ्यांसाठी फळ्यांचे मजले ठोकले. झाली भाजीगाडी. गाडी अशी लांब, की तोंड अकोल्याच्या बाजारात शिरलं तरी शेपटाकडं पातूरला मेथी भरणं चालूच असायचं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, म्हणून सांगतो.

तेव्हा मी चोवीस वर्षांचा, अकोल्याच्या एका गॅरेजात मिस्त्री. शालिकरामच्या मुलीला, शालूला, पाहायला काकांबरोबर पातूरला गेलो होतो. शालूनं पोह्याची बशी ठेवली आणि मान वर करून माझ्याकडं असं पाहिलं, की पोह्यातली मिरची मी शेंगदाणा समजून चावली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी नजर काढवेना. लग्न करीन तर हिच्याशीच, असं मी तिथंच ठरवून टाकलं. पण नुसतं माझं ठरून काय उपयोग? ठरवायचं होतं शालिकरामनं.

"पोट्टं काय करते?" त्यानं काकांना विचारलं.

"मोटारीचे ब्रेक दुरुस्त करते."

शालिकराम सरसावून बसला. त्याच्या गाडीला हवेचे ब्रेक होते आणि दोन महिन्यांपासून ते कधी लागायचे, कधी नाही. मागच्याच आठवड्यात गाडी बाजारातल्या टोपल्यांच्या उतरंडीतून आरपार गेली होती. दोन मिस्त्री हात टेकून पळाले होते.

"हवेनं गाडी थांबते म्हन्तात," तो म्हणाला. "हवेनं छपरं उडतात लेका, गाडी कशी थांबन? तू नीट करून दाखव. कांद्याची पोती भरून घाट उतरू. गाडी थांबली तं पोट्टी तुही."

"अन् नाही थांबली तं?" मी विचारलं.

"तं मंग हे पुसाले तू राह्यशीन कुठं?"

काकांनी मला कोपरानं ढोसलं, पण मी हो म्हणून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी हत्यारं घेऊन हजर झालो. हवेच्या ब्रेकचं काम सोपं आहे. इंजिनाला जोडलेला पंप हवा ओढतो आणि टाकीत दाबून भरतो. पायडल दाबलं की मधला व्हॉल्व्ह उघडतो, ती हवा चाकांपाशी जाते आणि ब्रेक आवळते. मी इंजिन सुरू केलं, हवेच्या दाबाचा काटा चढला. बंद केलं, तर काटा लगेच खाली. कुठून तरी हवा फुसफुसत होती. आवाज इतका, की शेजारच्या कोंबड्यांना वाटलं नाग आला. तीन दिवस एकही अंड्यावर बसली नाही.

फुसफुस ऐकू येते, पण गळती दिसत नाही. मी शालूला रिठे मागितले. तिनं रवीनं घुसळून बादलीभर फेस करून दिला. नळीच्या प्रत्येक सांध्याला मी फेस लावत गेलो. सांधे घट्ट, एक बुडबुडा नाही. शेवटी पायडलखालच्या व्हॉल्व्हच्या तोंडाला लावला, तर असा फुगा आला की त्यात मला मागं उभी असलेली शालू उलटी दिसली. उलटीही चांगलीच दिसत होती.

शालिकराम बाजेवर बसून पहारा देत होता. त्याला गुंतवून ठेवायला मी गोष्ट सांगितली. "मामा, अमरावतीले एका गाडीचा ब्रेक मी इतका करकचून बसवला, का गाडी जाग्यावर थांबली अन् तिची सावली पुढं निंघून गेली."

"आधी हे मामा म्हनणं बंद कर, मी तुहा सासरा नाही झालो अजून. मंग सावली सापडली का?"

"परतवाड्याले."

"अरे बाप्पा!" शालिकरामनं मान डोलावली. शालू तोंडाला पदर लावून आत पळाली.

मी व्हॉल्व्ह उघडला. आत, जिथं झाकण घट्ट बसायला हवं, तिथं नारिंगी लगदा चिकटलेला. टाकीखालची तोटी सोडली तर भसाभस नारिंगी पाणी आलं, वास झेंडूचा. नळी धरून मागं मागं गेलो आणि पंपापाशी थांबलो. पंपाच्या हवा ओढायच्या तोंडावर जाळी नव्हती. त्या उघड्या तोंडावर ताजा, टपोरा झेंडूचा हार. गाडी इथून श्वास घेते, असं शालिकरामला लिलावात कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून तो रोज सकाळी आंघोळ करून त्या श्वासाला स्वतःच्या मळ्यातल्या फुलांचा हार घालत होता.

आता आली पंचाईत. रबर झिजलं होतं म्हणून सांगावं, घाट उतरावा, लग्न उरकावं. ही थाप जिभेवर तयार होती. पण उद्या पुन्हा हार पडणार, आणि गाडी चालवायचा भगवंत, शालूचा सख्खा भाऊ. मी थाप गिळली आणि खरं ते सांगितलं.

शालिकराम ताडकन उठला. "माह्या पूजेले नाव ठेवतं? सावलीचं मी आयकून घेतलं. पन फुलानं मोटार बिघडते? अबे, खोटं बोलाले काही हद्द?"

आयुष्यात प्रथमच माझ्यावर खऱ्यासाठी बोलणी खायची पाळी आली. हत्यारं गोळा करायला वाकलो, तेवढ्यात शालू दारातून म्हणाली, "बाबा, इंजिन चालू करून पाहून घ्या न. कावून चिडून राह्यले?"

मी इंजिन सुरू केलं. शालिकराम पंपाशी वाकला. हाराची एक पाकळी थरथरली आणि गडप. मग दुसरी. मग अख्खं फूल कुरतडल्यासारखं झालं आणि दोराही आत सरकायला लागला.

"अबे, हे तं जेवून राह्यली!" शालिकराम ओरडला आणि वासराच्या तोंडातून काढावा तसा त्यानं दोरा ओढून काढला. "दोन मिस्त्र्यायले शिव्या देऊन हाकललं मी," तो हळूच म्हणाला. मग त्याला जे हसू फुटलं, ते थांबवायला पाणी द्यावं लागलं.

पुढं दोन दिवस काम चाललं. टाकी आणि नळ्या धुतल्या, व्हॉल्व्हची बैठक घासून गुळगुळीत केली, अकोल्याहून रबर आणून बसवलं. पंपाच्या तोंडाला शालूनं पिठाची चाळणी कापून दिली. हार गेला आरशावर.

तिसऱ्या सकाळी चाळीस पोती कांदे भरून आम्ही घाटमाथ्यावर गेलो आणि तिथून उतरायला लागलो. भगवंत स्टिअरिंगवर, पुढच्या बाकावर शालिकराम आणि मी. पहिलं वळण आलं. भगवंतनं पायडल दाबलं, फुस्स झालं, गाडी मांजरासारखी दबकली. दुसरं वळण, तिसरं. शालिकरामचे डोळे काट्यावर. काटा जागचा हलेना. मी मात्र घामानं असा भिजलो की मागचे कांदे ओले झाले.

घाट संपला. पातूर आलं, घराचा रस्ता आला.

"सरळ घे," तो भगवंतला म्हणाला. मला काही कळेना. दोन गल्ल्या गेल्या आणि एका ओट्यापाशी त्यानं हात वर केला. "थांबव इथं."

गाडी जागच्या जागी थांबली. चाकापुढं चार बोटांवर एक कुत्रं झोपलं होतं, त्यानं डोळासुद्धा उघडला नाही. ओट्यावर वामनराव जोशी, गावचे भटजी, चष्मा पुसत बसले होते.

"काय शालिकराम, गाडीची पूजा सांगायची का?"

"गाडीचं झालं, महाराज," शालिकराम खिडकीतून म्हणाला. "पंचांग काढा, आता पोट्टीचं पाहा."