मला म्हणे पनवती!

मी एक जुनी हॉकी स्टिक आहे आणि मित्रांनो, आधीच सांगते, मी पनवती नाही!

तुतीच्या लाकडातून माझा जन्म झाला. तिसगावच्या शाळेत चौघींच्या हातून फिरत मी सृष्टीकडे आले. मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी, असा माझा थाट. सृष्टी पुढच्या फळीत खेळायची आणि तिच्या डाव्या अंगाला जया. सृष्टी न बघता चेंडू डावीकडे ढकलायची, तिथे जया असायचीच. दोघींनी इतके गोल केले, की आमचे खेळाचे कारभारी सर मला 'लक्ष्मी' म्हणू लागले. खोटं कशाला बोलू, मीही हरभऱ्याच्या झाडावर चढले.

दसरा झाला आणि जया आईवडिलांबरोबर ऊसतोडीला श्रीगोंद्याकडे गेली. सृष्टीचे गोल थांबले. सवयीने ती चेंडू डावीकडे द्यायची आणि तो रिकाम्या जागेतून बाहेर जायचा. पण दोष कुणावर आला? माझ्यावर! सर म्हणाले, "ही स्टिकच पनवती हाय." सृष्टीच्या आईने, मालनबाईने, माझ्या गळ्यात लिंबू-मिरची बांधली. हसू नका! तरी गोल होईना, तेव्हा मला घमेल्या-फावड्यांच्या खोलीत टाकून नवी चकचकीत स्टिक आणली. तिनेही तेच दिवे लावले. मला फार राग आला होता.

जिल्ह्याच्या संघाची निवड आठ दिवसांवर आली. नगरच्या निवड सामन्यात खेळ दिसला नाही, तर सृष्टीचं वर्ष वाया जाणार होतं. सर म्हणाले, "कुनाकडं बघू नको. एकटीनं गोल मार."

"सर, माझा खेळ न्हाई बिघडला," सृष्टी म्हणाली. "माझी डावी बाजू उसाच्या फडात हाय."

तिने मला खोलीतून काढलं, वाळलेलं लिंबू तोडून फेकलं आणि जयाला सामन्यासाठी मागायला सरांना घेऊन थेट फड गाठला. जयाची आई कडूबाई कोयता थांबवून म्हणाली, "एका दिसाचा खाडा झाला तर मोळ्या कोन बांधील?"

"मी बांधीन, मावशी. एक दिस जया आमच्याकडं, एक दिस मी तुमच्याकडं. सावड करू."

आपल्याकडे एकच बैल असलेला शेतकरी शेजाऱ्याच्या बैलाशी जोडी लावतो आणि दोघांचीही शेतं नांगरून होतात. तीच ही सावड. कडूबाईला हसू फुटलं. "बैलांची सावड ठावं हुती, पोरींची पयल्यांदाच ऐकते! ने तिला."

सामना एक-एक बरोबरीत होता. शेवटच्या मिनिटाला तिघी सृष्टीवर धावून आल्या. तिने न बघता चेंडू डावीकडे ढकलला. जया तिथे होती! तिने तो परत दिला आणि मी असा टोला हाणला, की गोलची मागची फळी दणाणली. निवड दोघींची झाली.

सर म्हणाले, "ह्या लक्ष्मीला आता काचंच्या कपाटात ठेवू." जिंकलं की लक्ष्मी, हरलं की पनवती! दोन्ही नावं तुमची तुम्हाला परत.

रविवारी सृष्टी मला घेऊन फडात गेली. दिवसभर मोळ्या बांधून तिच्या तळहातांना फोड आले. कडूबाई म्हणाली, "फिटली गं सावड."

"फिटली कशी, मावशी? अजून पुढचा सामना हाय की!"

मित्रांनो, कुणाचा खेळ बिघडला तर त्याच्या स्टिकला आणि नशिबाला बोल लावू नका. त्याच्या शेजारची जागा रिकामी आहे का, ते आधी बघा. आणि मला कपाटात ठेवायचा हट्टच असेल, तर शेजारी जयाची स्टिकही ठेवा. एकटी मी तिथे जाणार नाही!