उंदीर आला होता

रात्री दोनला उठून मी खायचे. पाव, बिस्किटं, जॅमची बरणी, हाताला लागेल ते. भूक नसायची. छातीत धडधडायचं, आणि तोंड चालू असेपर्यंत ती धडधड थांबायची. सकाळी आरशात बघायचीही लाज वाटायची.

वसतिगृहात माझ्या खोलीत राहणारी मैत्रीण मानसशास्त्र शिकायची; आम्ही सगळ्या तिला डॉक्टरीणबाई म्हणायचो. एका रात्री तिने मला खाऊच्या डब्यात हात घातलेला असताना पकडलं. "उंदीर आला होता," मी म्हणाले. ती हसली नाही. पाणी दिलं, शेजारी बसली. मग मी सगळंच ओकून टाकलं, नापास व्हायची भीती, आईला फोनवर मारलेल्या थापा, सगळं.

"माझ्या पोटात राहील," ती म्हणाली. त्या दिवसापासून आमच्या दोघींत त्या भुकेचं नाव उंदीर पडलं.

कॉलेजच्या समुपदेशक मॅडमकडे जाते म्हटलं, तर म्हणाली, "घाई कशाला? परीक्षा होऊ दे, मीच येते सोबत. तोवर मी आहे ना!"

होतीही. रोज सकाळी विचारायची, "आला होता का गं उंदीर? किती वाजता?" डबा रिकामा दिसला की भरून ठेवायची. सख्खी बहीण करणार नाही एवढं करते, असं मी आईला कौतुकाने सांगितलं. अक्कल गहाण ठेवली होती माझी.

तिच्या वर्गाच्या प्रकल्पांचं सादरीकरण होतं. टाळ्या वाजवायला मी पहिल्या रांगेत. पडद्यावर तक्ता आला: 'एक विद्यार्थिनी. तीस रात्री. ही आपल्या भुकेला उंदीर म्हणते.' सभागृह खो-खो हसलं. खाली आणखी एक ओळ होती: 'डबा रोज भरलेला ठेवला. समुपदेशन: अद्याप नाही.'

हसणं मी एक वेळ गिळलं असतं. डब्याचं गिळवेना. केसाने गळा कापला होता तिने माझा.

बाहेर तिला गाठलं. ती आधीच म्हणाली, "अगं, नाव कुठे घातलंय तुझं?"

"डबा का भरायचीस?"

"रोज सारखंच खाणं समोर हवं ना. नाहीतर तुलना कशी करणार?"

"आणि परीक्षा होऊ दे म्हणालीस ते?"

तिने कागद सारखे केले. "मधेच बरी झाली असतीस तर नोंदी तुटल्या असत्या." मग माझा हात धरला. "चिडू नकोस गं. आता झालंय सगळं. चल, जाऊ मॅडमकडे. मी आहे ना!"

मी हात सोडवून घेतला आणि एकटीच गेले. मॅडमच्या खोलीत रडले, पोटभर. त्यांनी रडू दिलं, मग वही उघडली.

"कधीपासून होतंय हे?"

"तारीख-वार, वेळ, किती खाल्लं, सगळं लिहिलेलं आहे," मी म्हणाले. "माझ्या मैत्रिणीकडे. माझी खूप काळजी घ्यायची ती."