कमल नावाच्या गावातलं कौल देणारं देऊळ

मी कौल देणारं देऊळ बोलतोय. मला कुठल्या डोंगरावर शोधू नका. मूळचं देऊळ दूर ग्रीस देशात होतं. लढाईला निघण्याआधी राजे तिथं देवाला विचारायला येत. मी नुसतं त्याचं चित्र. नंदुरबारात शब्बीरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात, राज्यं वसवायच्या एका खेळात राहतो.

अख्ख्या खेळात माझ्यासारखं देऊळ एकच. जो आधी बांधील त्याचं. मग अधूनमधून मी धन्याला शत्रूची एक गोष्ट पडद्यावर लिहून दाखवतो. ती खरीच असते. खोटं मला लिहिताच येत नाही.

मला बांधलं लोटनआबांनी. त्यांचा जन्म मिरचीच्या पथारीवर गेला. लाल मिरची पसरायची, उलटायची, गोळा करायची. तिखट बोटांत मुरून बसलं.

"आबा, तुमना हातना माऊस धरा का डोया चुरचुरतस," शब्बीर म्हणायचा. आबा हसून हात पायजम्याला पुसत.

आबांच्या बायको कमलबाई गेल्या, तेव्हापासून दुपारी घरात आबांशी बोलायला कोणी उरलं नव्हतं. एकदा खेळात गडी कमी पडला म्हणून नातवानं, हेमकांतनं, त्यांना खुर्चीवर बसवलं. आबांना ती खुर्ची सापडली ती सापडलीच. जेवण झालं की केस ओले करून, चापून बसवून यायचे. लग्नाला निघाल्यासारखे.

राजधानीला नाव द्यायची वेळ आली.

"कमल लिख," आबा हळूच म्हणाले.

खेळ इंग्रजीत. आबांना ती अक्षरं येत नव्हती. हेमकांतनं इंग्रजी अक्षरांत लिहिलं, 'थेरडा'.

"लिखं का रे?"

"लिखं ना आबा. कमल."

मागं उभा असलेला त्याचा दोस्त दिलवरसिंग तोंडावर रुमाल धरून हसला.

बाकीचे, म्हणजे हेमकांत आणि गिऱ्हाइकं सांभाळत शब्बीरही, आपापली फौज वाढवत होते. आबा मात्र माझ्या पायऱ्या चढवत राहिले. दिवसचे दिवस. माझा कळस पूर्ण झाला तेव्हा पडद्याजवळ वाकून पुटपुटले, "कमल, देखी ऱ्हायनी का?"

दुकानाचा नियम असा, की ज्याची राजधानी पडेल त्यानं खुर्ची सोडायची. दिलवरसिंगला खुर्ची हवी होती.

एका दुपारी मी कौल दिला. 'हेमकांतची फौज दक्षिणेकडून येत आहे. पूल सांभाळा.' पडदाभर मोठ्या अक्षरांत लिहिलं.

"हेमकांत, वाच ना भो. देव काय म्हणस?"

ज्याच्याविषयी सांगत होतो, त्यालाच आबांनी वाचायला सांगितलं. हेमकांत अडखळलासुद्धा नाही.

"उत्तरकडथून शब्बीरनी फौज ई ऱ्हायनी, आबा."

झेरॉक्स काढता काढता शब्बीरनं मान वर केली. "आबा, मी तर…"

हेमकांतनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. रोजचं गिऱ्हाईक. शब्बीरनं पुढचा कागद मशीनवर ठेवला.

आबांनी पुलावरचे शिपाई काढून उत्तरेला धाडले. मी पुन्हा लिहिलं, 'पूल मोकळा आहे. परत बोलवा.'

"आते काय म्हणस?"

"तेच. आखो शिपाई धाड म्हणस."

आबांनी राहिलेलेही धाडले. मग मी काय पाहायचं ते पाहिलं. पुलावरून घोडे आले आणि माझ्या पायऱ्यांपाशी येऊन थांबले. गाव पडलं.

आबांनी पडद्यावरचे घोडे बोटानं दाखवले. "तुन्ही फौज व्हती का रे?"

"खेळ शे, आबा. उठा, दिलवरले बसू द्या."

आबांनी नातवाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. म्हणाले, "मंग देव चुकना."

नातू खोटं वाचेल, हे त्यांच्या मनाला शिवलंच नाही.

जिंकणाऱ्याला खेळ विचारतो, गाव जाळायचं की ठेवायचं. "जायू का?" हेमकांतनं विचारलं. उठता उठता आबांनी त्याचा खांदा धरला. "नको रे. कमलनं नाव ऱ्हाऊ दे. बाकी सारं तुन्हं."

हेमकांतनं नाव ठेवलं. दुकान हसलं. शब्बीरसुद्धा.

आता मी हेमकांतचा. माझे कौल तो स्वतःच वाचतो. आबा रोज दुपारी येतात, केस चापून, आणि काचेच्या दाराबाहेर उभे राहतात. झेरॉक्सला आलेल्या कोणालाही बोटानं दाखवतात, "ते मोठं गाव शे ना, ते मन्ही कमलनं." माणूस पडद्यावरचं नाव वाचतो, आबांच्या तोंडाकडं बघतो. कोणी खाली बघतं. कोणी हसतं, आणि त्याला गाव आवडलं असं समजून आबाही हसतात.

मी जन्मभर खरंच लिहिलं. देव चुकला असं आबा म्हणाले, ते मी पोटात ठेवीन. पण तुम्ही कधी शब्बीरच्या दुकानात आलात, आणि दाराशी एका म्हाताऱ्यानं विचारलं, "भाऊ, तठे काय लिखेल शे?" तर माझं एवढं ऐका.

कमल म्हणा.