राळेचं सांदण

मित्रांनो, मी एक जुनी दोनशे पानी वही. कोपरे दुमडलेले, पुठ्ठा सुटलेला, अंगाला मसाल्याचा वास. नाक मुरडून झालं असेल तर पुढचं ऐका.

मी कुठल्या कारखान्यात जन्मले ते मला माहीत नाही, आणि तुम्हाला तरी कळून काय करायचंय? माझं खरं आयुष्य सुरू झालं रत्नागिरीत, राजीवड्यात, कुलसुमच्या स्वयंपाकघरात. तिने मला पहिल्या पानापासून लिहायला घेतलं. पोरांच्या खोकल्यावरचा काढा, बांगडा खारवायची रीत, कोणाच्या तोंडचं चांगलं वाक्य, शेजारणीने हासडलेली एक शिवी. शिवी का लिहिली? आवडली म्हणून.

तिचा नवरा अयूब होडीवाला. त्यालाही लिहायची हौस, पण दुसरी वही आणायचा कंटाळा. त्याने मागून सुरुवात केली, शेवटच्या पानापासून, उर्दू किताबासारखी. लिहायचा मात्र मराठीतच. वारा, भरती, होडीची डागडुजी. दोघांचा करार होता, एकमेकांच्या बाजूला डोकवायचं नाही. तीस वर्षं दोघांनी तो पाळला. शेवटी दोघं माझ्या मधल्या दोन पानांवर येऊन भेटले. डावं पान तिचं, उजवं त्याचं. त्याचं पान भरत आलं आणि महिन्याभरात अयूब गेला.

कुलसुमने मला कपाटात ठेवलं. चार वर्षं उघडलंच नाही. मग एके दिवशी उघडलं, तर तिला अक्षर दिसेना. डोळे गेले होते.

तिने नातवाला हाक मारली. नातू म्हणजे उमेर. वय बत्तीस, मस्कतची नोकरी सोडून आलेला, दिवसभर फोनवर शहाण्या माणसांचे व्हिडिओ बघणारा.

"उमेर, तुझ्या दादाचं, माझ्या म्हाताऱ्याचं तेवढं वाचून दाखव रे," ती म्हणाली. "आता करार मोडला तरी कोण भांडायला येणार आहे?"

उमेरने मला हातात घेतलं आणि त्याचे डोळे चमकले. मला वाटलं, वाचतोय.

"दादी! असं आवडेल ते टिपतात ना, त्याला कॉमनप्लेस बुक म्हणतात. युरोपात मोठमोठे लोक ठेवायचे."

"आम्ही वही म्हणतो. आमच्यात लहान लोक पण ठेवायचे. वाच."

"वाचतो ना. आधी ब्लॉग करतो याचा. सगळं जग वाचेल."

"जगाचं मग बघू. मला ऐकव."

"ब्लॉग झाला की लगेच, दादी."

मित्रांनो, या पोराची अक्कल किती, ते आता सांगते. ब्लॉगचं नाव ठरवायला त्याला अकरा दिवस लागले, आणि नाव काय, तर 'कोकण कॉमनप्लेस'. मग माझा फोटो काढला. मी त्यात पुरेशी जुनी दिसेना, म्हणून त्याने मला चहाचं पाणी लावलं. गोड चहाचं. दुसऱ्या दिवशी मला मुंग्या लागल्या. मुंग्या जाव्यात म्हणून मला उन्हात टाकलं, तिथे माझ्यावर कोंबडी बसली. तो फोटो मात्र छान आला म्हणे.

लिहून काढायचा तर प्रश्नच नव्हता. त्याने मला मधोमध उघडलं, फोनने टिपलं आणि अक्षरं ओळखायचं काम फोनवर सोपवलं. डाव्या पानावर कुलसुमचं सांदण होतं, तांदळाच्या रव्याचा वाफवलेला गोड पदार्थ. उजव्या पानावर होडीच्या फटी चिकट राळेने बुजवायची अयूबची रीत. फोनने दोन्हीकडच्या ओळी एकापुढे एक जोडल्या. उमेरने न वाचताच ब्लॉगवर टाकलं:

'तांदळाचा रवा नारळाच्या दुधात भिजवावा राळ वितळवून कापसात मुरवावी साखर चवीपुरती घालावी फटींत ठासून भरावी वाटीत ओतून उकडावे दोन दिवस उन्हं दाखवून भरतीला सोडावी.'

चारशे लोकांना आवडलं. ठाण्याच्या कोणा मृणालीने लिहिलं, 'कालच केलं, मुलांनी बोटं चाटून खाल्लं!' खोटारडी. असल्या वाचकांसाठी मी मुंग्या सोसल्या.

आणि मी कुठे होते? लॅपटॉपच्या खाली. कॅमेरा तोंडासमोर यावा म्हणून.

"उमेर, वाचतोस ना?" कुलसुम रोज दुपारी विचारायची.

"ब्लॉगवर आहे ना सगळं, दादी!"

बिचारी मान हलवायची. ब्लॉग कुठल्या कपाटात असतो, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

आठवड्याभराने दारात एक गृहस्थ उभे राहिले. हरिश्चंद्र, देवरूखचे, जन्मभर जमिनी मोजलेले. लिहिलंय तसं करायचं, एवढंच त्यांना येतं. ब्लॉगवरचा पत्ता शोधत एसटीने आले होते. मांडीवर सांभाळून आणलेला टोप हातात होता, आणि टोपात काहीतरी पिवळं, कापूस डोकावणारं.

"कोकण कॉमनप्लेस इथेच ना? आज भरती किती वाजता आहे? ते तुम्ही लिहिलं नाहीत."

"भरती कशाला?" उमेर म्हणाला.

"सांदण सोडायला. आमच्या देवरूखात समुद्र नाही."

कुलसुमने टोपात बोट घातलं. बोट निघेना. "या अल्ला! ह्याच्यात राळ कोणी घातली?"

"मला वाटलं, तुमच्यात असंच करत असतील. आम्ही फणसाचं करतो."

"अहो, दुकानदाराने तरी विचारायचं, कशाला हवी!"

"विचारलं. मी म्हटलं, पाहुणे यायचेत."

कुलसुम हसून हसून खाली बसली. उमेरचा चेहरा माझ्या पुठ्ठ्यासारखा झाला. हरिश्चंद्र मात्र हसले नाहीत. "मूळ कागद दाखवा," म्हणाले. उमेरने मला लॅपटॉपखालून ओढलं. हरिश्चंद्रांनी चष्मा लावला, उजव्या पानावर बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचायला लागले. राळ किती, कापूस किती, ऊन किती. कुलसुम हसायची थांबली. चार वर्षांनी घरात अयूब बोलत होता.

शेवटची ओळ आली, फोनच्या फोटोत न मावलेली. हरिश्चंद्र अडखळले.

"वाचा," ती म्हणाली.

"'राळ कमी पडल्यास घरचं सांदण वापरावं. पकड जास्त आहे.'"

कुलसुमने पदराने डोळे पुसले, आणि मग तिचा आवाज चढला.

"मेल्या! तीस वर्षं ताटभर खाल्लंस! उमेर, पेन घे. खाली जागा आहे?"

"दोन ओळी आहेत. ब्लॉगवर टाकू?"

"वहीत लिही. 'ज्याच्या होडीत पाणी शिरायचं, त्याने सांदणाला नावं ठेवू नयेत. बाकीचं भेटल्यावर.'"

उमेरने लिहिलं. अक्षर कोंबडीचंच, पण पहिल्यांदाच त्याने माझ्यात काही वाचून मग लिहिलं.

त्या दिवसापासून दुपारी तो अयूबची पानं वाचतो, उलटीकडून, एकेक. ब्लॉगचा पासवर्ड तो विसरलाय. जग अजून बुडालेलं नाही.

तर मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. जपायच्या नावाखाली तुम्ही चहा पाजता. तुमच्या घरी माझ्यासारखी कोणी पडली असेल तर तिचा फोटो काढू नका. उघडा आणि मोठ्याने वाचा. आतल्या खोलीत कोणीतरी ऐकायला बसलेलं असतं.

राहता राहिला हरिश्चंद्रांचा टोप. तो उमेरने गुपचूप जेटीवर नेला आणि अयूबच्या जुन्या होडीच्या फटीत रिकामा केला. त्याला दोन महिने झाले. होडीत अजून एक थेंब शिरलेला नाही. हे कुलसुमला कोणी सांगितलेलं नाही, आणि माझ्यात तर लिहायची कोणाची छातीच नाही.