सण संपेपर्यंत

“अय्यो, ही तर ताट मांडतीय!”

भागीरथीमामी गच्चीच्या शेवटच्या पायरीवरच थबकल्या. त्यांच्यामागं आम्ही गल्लीतल्या चौघी, माझ्या कडेवर बाळ. रडायच्या तयारीनंच वर आलो होतो. नर्सम्मा आदल्याच दिवशी नवऱ्याला, शिमशोनमामांना, चेन्नईच्या यहुदी दफनभूमीत ठेवून परतल्या होत्या. आणि आज झावळ्यांच्या मांडवात, धुतलेली साडी नेसून, जेवायला बसत होत्या.

“रडा हो थोडं. असं कोंडून ठेवू नका,” मामींनी स्वतःच हुंदका काढला.

“आत्ता नको, मामी.” नर्सम्मांनी हात जोडले. “सुक्कोथ चाललाय, आमचा आनंदाचा सण. शोकाचे सात दिवस सण संपल्यावर धरायचे. अजून पाच दिवस आहेत.”

“नवरा गेल्यावर कसला आनंद?”

“सण सगळ्यांचा असतो. दुःख माझं एकटीचं. ते तोवर थांबेल.”

जिना उतरताना मामी मुद्दाम मोठ्यानं म्हणाल्या, “जन्मभर आस्पत्रीत मढी बघून काळीज दगड झालंय हिचं.”

मी तिथंच राहिले. नर्सम्मांनी बाळाला मांडीवर घेतलं आणि त्याला मांडवाचं छत दाखवलं.

शिमशोनमामा पंप दुरुस्त करायचे. गल्लीतला प्रत्येक गळका नळ त्यांनीच बंद केलेला. पण दरवर्षी या मांडवाला मात्र मुद्दाम फटी ठेवायचे. सगळे त्यांना हसायचे.

“वर आकाश दिसलं पाहिजे,” नर्सम्मा म्हणाल्या. “आमचे पूर्वज चाळीस वर्षं रानात असल्याच आडोशाला राहिले. वर्षातून आठवडाभर तरी कळावं, की आपल्याला छप्पर राखत नाही. राखणारा वेगळा.” मग हळूच, “या वर्षी शिडी मी धरली होती. हे दोनदा दम लागून खाली उतरून बसले. मला कळायला हवं होतं ना गं? मी नर्स.”



दोन दिवसांनी पाऊस आला. पावसात मांडव सोडून आत जायची मुभा असते, हे त्यांनीच मला सांगितलेलं. त्या गेल्या नाहीत. मी छत्री घेऊन धावले तर समोर भाताचं ताट भिजत होतं. पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, “पाणीच आहे गं. पावसाचं.”

सण संपला. सकाळी त्या शोकाला खाली घरात जमिनीवर बसल्या, दार सताड उघडं ठेवून. येणाऱ्याला ठोठावावं लागू नये म्हणून. मी घरोघर जाऊन सांगितलं. मामी म्हणाल्या, “आता कसलं जायचं? शिळं रडणं!”

कोणी आलं नाही. मी बाळाला माझ्या आईकडे ठेवून त्यांच्याजवळ बसले. दुःखातलं माणूस बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही, ही त्यांची रीत. 

बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, “आता परवानगी आहे, हरिता. आणि रडूच येत नाही बघ.”

मग भिंतीला धरून उभ्या राहिल्या. कात्री माझ्या हातात दिली. “ब्लाउजला गळ्यापाशी कातर लाव. शोकात आम्ही अंगावरचा कपडा फाडतो, पण सुरुवात दुसऱ्यानं करायची असते. बाकीचं मी फाडते.”

 डाव्या बाजूला, काळजावर, कात्री नेली तशी त्यांनी मनगट धरलं.

“तिकडं फक्त आईबापांसाठी. नवऱ्यासाठी उजवीकडं.”

“असं का, नर्सम्मा?”

“असंच आहे, राजा.”

मी बोटभर कापलं. त्यांनी दोन्ही कडा धरल्या आणि ओढल्या. रिकाम्या घरात कापडाचा आवाज फार मोठा झाला.

“चार बोटं बस्स,” त्या पुटपुटल्या. मग मोजायला म्हणून चार बोटं त्या फटीत घातली आणि तशीच ठेवली, नाडी बघावी तशी, ओठांत आकडे मोजत.