खैरीटोल्यावर दोन तास

कार्तिकातली सकाळ होती. घासल्या काशाच्या ताटासारखी लखलखीत. वैनगंगेच्या खोऱ्यात धान पिकून ओणवे झाले होते. क्षितिजापासून क्षितिजापर्यंत कणसांचे नतमस्तक मेळे. मधूनच तळ्यांचे नीलशांत तुकडे. आणि या सगळ्यावरून वाहणारा, विळा नुकताच लागलेल्या देठांचा ओला, हिरवा गंध.

त्या धानगंधी वाऱ्यातून एक लाल एसटी धावत होती. भाऊबीज होती, म्हणून एसटीत भाऊच भाऊ होते. कुणाच्या मांडीवर चिवड्याचा डबा, कुणाच्या मांडीवर साडीची घडी. डोक्यांना नवे तेल आणि तोंडांत जुन्या गप्पा. एसटी खड्ड्यात उतरे, साऱ्या माना डोलत; एसटी खड्ड्यातून चढे, साऱ्या माना पुन्हा डोलत.

तिसऱ्या बाकावर, खिडकीशी, हेमराज गभने बसला होता. त्रेचाळीस वर्षांचा, भरदार मिशांचा, शुभ्रवस्त्र. गुडघ्यांमध्ये पांढरी काठी उभी होती. बाविसाव्या वर्षी एका तापाने त्याची दृष्टी नेली, ती नेलीच. पुढे त्याने तुमसरात पिठाची गिरणी चालवली. चिमटीत पीठ धरून तो दळण जाड की बारीक सांगे, आणि डोळस गिऱ्हाइके मुकाट मान हलवीत. घर ते गिरणी, गिरणी ते बाजार: एवढी पृथ्वी त्याने पावलांनी जिंकली होती. तिच्या सीमेपलीकडे तो कधी एकटा गेला नव्हता.

दर भाऊबीजेला थोरली बहीण सरूताई खैरीघाटाहून त्याच्याकडे येई. एकवीस वर्षे आली. पावसात आली, तापात आली, कडेवर लेकरू घेऊन आली. यंदा तिचा गुडघा सुजला. फोनवर म्हणाली, "यंदा राहू दे रे हेमा. चंद्राले ओवाळीन मी."

ज्यांचे भाऊ दूर असतात, त्या बहिणी चंद्राला ओवाळतात. हेमराजने फोन ठेवला आणि रात्रभर कुशी बदलल्या. तो दूर कुठे होता? बावीस कोसांवर तर होता! पहाटे त्याने बायकोला सांगितले, "मी जातो. एकटा." तिने शुभ्र सदऱ्याला इस्त्री केली, दोनदा.

आता तो चालला होता. ताईला कळवले नव्हते. छातीत भीती होती, पण भीतीच्या खालून काहीतरी खळखळत होते. ते हसू होते की काय, त्याचे त्यालाच कळेना.

"कुठं चालले भाऊ?" शेजारून एक वृद्ध, खरबरीत, प्रेमळ आवाज आला.

"खैरीघाट."

नेमके तेव्हाच इंजिन गरजले आणि 'घाट' तेवढा घेऊन गेले.

"खैरी? मंग आमच्याच गावचे पाव्हणे तं तुमी!" म्हातारा हरखला. त्याचे नाव सदाराम. त्याने आपल्या बैलांची, सुनांची आणि दमेकरी कोंबड्याची हकीकत सांगितली, तासभर सांगितली. हेमराज ऐकत होता आणि मनात पूल शोधत होता. वैनगंगेचा पूल ओलांडल्यावरच खैरीघाट येणार, हे त्याने पक्के पाठ केले होते.

पूल यायच्या आधीच एसटी थांबली.

"चला चला, आली खैरी!" सदारामाने त्याचा दंड धरला. मागून कुणी पाठीला हात लावला, कुणी पिशवी उचलली, कुणी "जागा द्या, जागा द्या" म्हणून ओरडले. "अजी थांबा, नदी नाई आली अजून..." हेमराज म्हणत होता, पण त्या दिवशी त्या एसटीत लोकांची माया फार मोठ्या आवाजात बोलत होती. तिने त्याला उचलले, तिने त्याला उतरवले, तिने त्याच्या हातात पिशवी दिली. दोन घंटा वाजल्या. एसटी निघून गेली.

मग धूळ हळूहळू खाली बसली, आणि शांतता आली.

"कोनाच्या घरी जाचं?" सदारामाने विचारले.

"सरूबाई कापगते."

"कापगते? आमच्या खैरीटोल्यात कापगते नाईत..."

"खैरीटोला?" हेमराज म्हणाला. "मले खैरीघाटाले जाचं हाय, बाबा."

सदारामाने स्वतःच्या कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

पायाखालची माती अनोळखी, चारही दिशा सारख्याच निनावी. आता काय? पण म्हातारा इतका कळवळला होता, की त्याची समजूत काढता काढता हेमराजची स्वतःचीही समजूत निघाली.

"पुढची एसटी कवा हाय?"

"एक वाजता. दोन तास हायेत, भाऊ. थांबा, बहिनीच्या घरी फोन करू. भाचा गाडी घेऊन येईल, नेईल तुमाले."

"नोको."

"काहून?"

हेमराजने काठी दोन्ही हातांत धरली. "त्यानं नेलं, तं मी गेलो असं होनार नाई, बाबा. मले नेलं असं होईल. एकवीस वरसं ताई आली. आज मले जाचं हाय."

हेमराजनेच त्याला घरी धाडले. घरची माणसे जेवणासाठी खोळंबली असतील. वहाणा करकरत दूर गेल्या. हेमराज थांब्याच्या ओट्यावर बसला. ऊन खांद्यावर चढले. कुठेतरी विळे चालत होते, सर्र, सर्र. कुठेतरी तळ्याच्या पाण्यात लाकडी डोंगा आदळत होता. आणि वीस पावलांवर, झाडाखाली, कुणीतरी श्वास रोखून तंबाखूचा खर्रा चघळत होते.

"बाबा," हेमराज हसून म्हणाला, "तुमी गेले नाई."

झाड ओशाळले. वहाणा करकरत परत आल्या. "तुमाले एकटं टाकून कसा जाऊ? जेवन काय, होईल मंग."

"मंग बसा. अन् मले सांगा, समोर काय दिसते?"

"काय दिसनार? काई नाई. धान हाय."

"कोन्या रंगाचं?"

"पिवळं."

"पिवळं तं मीबी पाह्यलं हाय बाबा, बावीस वरसं. कसं पिवळं?"

सत्तर वर्षे त्या धानात वाकलेल्या माणसाला हे कुणी विचारले नव्हते. तो पाहू लागला. पाहता पाहता त्याचा श्वास संथ झाला.

"लेकीच्या हळदीत माह्या धोतराले डाग पडला होता," तो सावकाश म्हणाला. "दोनदा धुतला, तीनदा धुतला, गेला नाई. ते लेक गेली सासरी, डाग राह्यला. तसं पिवळं हाय."

हेमराजच्या मिटल्या जगात एक पिवळा रंग उमलला. स्नानार्द्र, हळदओला, दूर गेलेल्या लेकीसारखा गोड. एकवीस वर्षांत इतका स्वच्छ रंग त्याने पाहिला नव्हता.

"अजून सांगा."

म्हातारा सांगू लागला. तळ्यातल्या शिंगाड्यांचा हिरवा, आजारातून उठलेल्या पोराच्या ओठांवर पहिली रया यावी तसा कोवळा. बगळ्यांचा पांढरा, "तुमच्या सदऱ्यासारखा, पन तुमचा जास्त कडक." आभाळाचा निळा सांगताना तो अडला, शब्द शोधत राहिला, हरला आणि हसला. हेमराजही हसला. दोन पुरुष भर दुपारी एका ओट्यावर हसत होते. रंग मोजून संपत नव्हते, आणि दोन तास मात्र संपले.

"आली," हेमराज एकदम उठला.

"कुठं? मले तं दिसत नाई."

"वळनावर गिअर बदलला तिनं." त्याने पांढरी काठी आभाळात उंच उभी धरली. वळणावरून एसटी प्रकटली, धूळध्वज उडवीत, आणि त्याच्या काठीसमोर येऊन नम्रपणे थांबली.

सदारामाचा हात सवयीने पुढे आला, आणि मध्येच थबकला. "भाऊ... हात धरू का?"

"मीच धरतो तुमचा," हेमराज म्हणाला. त्याने म्हाताऱ्याच्या कोपराला हलका स्पर्श ठेवला आणि तीन पायऱ्या चढून गेला.

"खैरीघाट," त्याने कंडक्टरला सांगितले. असे सांगितले, की शेवटच्या बाकावरचे लेकरूही जागे झाले.

आणि मग पूल आला. चाकांचा नाद एकाएकी पोकळ झाला, खालून जलशीतल वारा चढला, खिडकीतून वैनगंगा त्याच्या गालांना शिवून गेली. "नदी!" त्याने निःशंक, मोठ्याने म्हटले. शेजारचा माणूस दचकला.

खैरीघाटाला तो एकटा उतरला. हापशीवर बायकांना वाट विचारली. उजवीकडे कडुनिंब, मग शेणाने सारवलेले अंगण. काठीच्या टोकाखाली माती मऊ झाली, आणि तो उभा राहिला.

आत भांडे वाजायचे थांबले.

"कोन हाय?"

त्याने काठी अंगणात दोनदा टेकवली.

लंगडत, धडपडत पावले आली आणि उंबऱ्यावर थिजली. "हेमा?" मग ताईचा आवाज फुटला. "मुडद्या! संग कोन हाय? एकटा आला? पडला असता म्हंजे? जेवला का?" एका श्वासात तिने त्याला शिवी दिली, शपथ घातली, पाणी दिले. मग ती पदरात तोंड घालून रडली, आणि रडता रडता पाट मांडायला धावली. दुखरा गुडघा तिच्यामागून कसाबसा आला.

कुंकवाचा ओला ठिपका कपाळावर टेकला. अक्षता केसांत टपटपल्या. सुपारी फिरली, अंगठी फिरली, आणि निरांजन उजळले.

ऊब उजव्या गालावर आली, कपाळावर चढली, डाव्या गालावर उतरली. ताई दुखरा गुडघा सांभाळत डुलत होती, म्हणून ऊब कधी जवळ येई, कधी दूर जाई, पुन्हा जवळ येई.

"ताई, हळू. मिशी जळंल."

"जळू दे," ती म्हणाली, आणि तबक फिरतच राहिले: एकवार, दोनवार, तीनवार, मोजणे सुटले तरी फिरतच राहिले, उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे, एक इवलीशी, सोनेरी, तुपाळ ऊब.