हिरव्या डोळ्यांची राणीमाशी

मावशी संग्रहालयात गांधीलमाश्यांच्या जाती ओळखायचं काम करायची. तिच्याकडे किनाऱ्यावरच्या गांधीलमाश्या होत्या, पठारावरच्या होत्या, आणि काल डोंगरावरून एक राणीमाशी आली होती, तीही जिवंत. तिन्ही ठिकाणच्या माश्या एकाच जातीच्या, असा सगळ्यांचा समज होता. मावशीला काही तो पटत नव्हता. डोंगरावरची वेगळी निघाली तर तिला नवं नाव देता येणार होतं. पण नुसतं चित्र दाखवून जातीला नाव देता येत नाही. त्यासाठी खरीखुरी माशी टाचणीला लावून कपाटात ठेवावी लागते, म्हणजे उद्या कुणी शंका काढली तर काढून दाखवता येते. आणि डोंगरावरची ही एवढी एकच हाती लागली होती.

माशी मेली की तिच्या डोळ्यांचा रंग उतरतो. म्हणून आधी चित्र, मग टाचणी. जिवंत माशी काही चित्रासाठी गप्प बसत नाही, तेव्हा तिला फ्रिजमध्ये ठेवायचं. थंडीनं ती मरत नाही, नुसती गारठून निपचित पडते. मग बाहेर काढून कागदावर ठेवायची, चित्र काढायचं, रंग टिपून घ्यायचे आणि जाग यायच्या आत परत आत ठेवायची.

एरवी सगळी चित्रं भाची काढायची, पण जिवंत माशीची नाही. लहानपणी तिला गांधीलमाशी चावली, तेव्हा गळा सुजून श्वासच अडला होता. पुन्हा चावली तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून भाचीच्या पिशवीत कायम एक इंजेक्शन असायचं. जिवंत माशी असेल त्या दिवशी मावशी तिला खोलीत पाऊलही टाकू द्यायची नाही.

त्या दुपारी भाची न कळवताच आली. पिशवी तिनं खाली पहारेकऱ्याकडे ठेवली होती, कारण संग्रहाच्या खोलीत बाहेरची पिशवी नेत नाहीत. पिशवीतून एखादी कसर आत शिरली, तर वाळलेल्या माश्यांचा भुगा करते.

"मावशी, आले गं! आज कुणाचं तोंड रंगवायचं?"

मावशी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पठारावरच्या माशीच्या पायावरचे केस बघत होती. नुकतीच तिनं राणीमाशी फ्रिजमधून काढून टेबलावर कागदावर ठेवली होती, आणि 'जरा एकदा ताडून बघू' म्हणून इकडे वाकली ती तिथेच रमली. मान वर न करता ती म्हणाली, "टेबलावर आहे बघ, किनाऱ्यावरची."

किनाऱ्यावरची पेटीत होती. भाचीला दिसली ती कागदावरची. खुर्चीत बसून, नीट दिसावी म्हणून तिनं दिवा अगदी जवळ ओढला. दिवा चांगलाच तापायचा.

"काय छान ठेवलीयस गं! डोळे बघ, हिरवेगार!"

मेलेल्या माशीचे डोळे हिरवे नसतात.

तिनं वळून पाहिलं. माशीच्या मिशा हलत होत्या.

"हात हलवू नकोस."

"का गं?" भाची हसली. मग तिचं हसू ओठांवरच थिजलं. "मावशी... तुझी मेलेली माशी चालतेय."

माशी तिच्या बोटावर चढली, बाहीवरून वर निघाली आणि कॉलरपाशी थांबली.

"माझी पिशवी खाली आहे गं."

"माहितेय. बोलू नकोस. हळू श्वास घे."

मावशीच्या डोक्यात विचारांची नुसती धावाधाव झाली. झटकली तर चावेल. चिरडली तर मरता मरता चावेल. खाली धावावं, तर पोरीला एकटं कसं सोडायचं? तिला एकच उपाय सुचला. माशी उजेडाकडे जाते. संग्रहाच्या खोलीच्या झडपा तर कायम बंदच असतात, म्हणजे अंधार करणं सोपं होतं.

तिनं खोलीचे दिवे घालवले. मग रांगत जाऊन टेबलावरच्या दिव्याची पिन उपसली. काळोख झाला. काळोखात भाचीचा आवाज आला, अगदी बारीक.

"मानेवर आलीय."

मावशीला खिडकी रोजची पाठ, तरी आज झडपेची कडी सापडेना. बोटं लाकडावरून नुसतीच फिरत राहिली. अखेर कडी निघाली, झडप उघडली आणि काचेतून उजेडाचा पट्टा आत पडला. काही क्षण काहीच झालं नाही. मग गुणगुण ऐकू आली आणि माशी येऊन काचेवर आपटली.

मावशीनं खिडकीपाशी ठेवलेली रिकामी बरणी उचलली. आयुष्यभर तिनं काचेवरच्या माश्या अशाच झाकल्या होत्या, आणि एकही निसटली नव्हती. एकदा बरणी टेकवली की नवी जात तिच्या मुठीत होती.

पण बरणी थरथरत होती. नेम चुकला तर चवताळलेली माशी माघारी फिरणार, आणि मागे खुर्चीत पोर बसलेली.

तिनं दुसऱ्या हातानं खिडकी सताड उघडली.

माशी गेली. मावशीनं खिडकी ओढून घेतली आणि ती भिंतीला टेकून खाली बसली.

"मिळाली?" भाचीनं विचारलं.

"गेली. डोंगरावरची तेवढी एकच होती."

"अगं, मग आता नाव कसं देणार?"

"नाही देणार. चावली का कुठे? मान दाखव आधी!"

"नाही चावली."

"नीट बघू दे. उजेडात ये."

मान पाहून झाली. मावशीनं ती पुन्हा पाहिली.

"जा, पिशवी घेऊन ये वर," ती म्हणाली. "कसर लागली तर लागू दे. नियम गेला खड्ड्यात."

"आणते. पण आधी ती बरणी खाली ठेव ना."

मावशीनं हाताकडे पाहिलं. रिकामी बरणी अजून मुठीतच होती, आणि बोटं काही केल्या उघडत नव्हती. भाची शेजारी येऊन बसली आणि एकेक बोट हळूहळू सोडवू लागली.